डांगाणात पाहुणे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि घाटघरचे कडे यांच्या मधला अकोले तालुक्याचा पश्चिम पट्टा म्हणजे डांगाण. पाऊस तुफान, जमीन उतरणीची, सखल भागात भातखाचरं आणि वरकसावर (उताराच्या हलक्या जमिनीवर) नाचणी-वरई. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, तरी गावं बरीच वर्षं आडवळणाचीच राहिली. आता मेअखेर काजवे, पावसाळाभर धबधबे, सप्टेंबरात फुलं आणि हिवाळ्यात धरणकाठचे तंबू असं पाहुण्यांचं वेळापत्रकच ठरून गेलं आहे. या वेळी तिथल्या आणि तिथे जाणाऱ्या वाचकांचे प्रश्न घेतले आहेत.

धरणाच्या फुगवट्यालगत आमची दीड एकर जमीन आहे. एक पार्टी तंबूंसाठी ११ वर्षांच्या कराराने मागते आहे. नोटरी करून लगेच पैसे देतो म्हणतात. आम्ही महादेव कोळी. जमीन द्यावी का?
(एक शेतकरी, भंडारदरा परिसर)

नोटरीवर सही करू नका. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकणं, गहाण ठेवणं किंवा भाड्याने देणं यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चं बंधन आहे. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्याहून लांबच्या कराराला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीआधी राज्य शासनाची मान्यता लागते. अकोल्याचा हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे ग्रामसभेचा विषयही आलाच. शिवाय एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, नुसत्या नोटरीने भागत नाही. ११ वर्षं आणि नोटरी हे दोन शब्द एकत्र आले की समोरच्याला कायदा ठाऊक आहे आणि तो टाळायचा आहे, असंच धरून चाला.

कायद्याला वळसा घालायची दुसरी तऱ्हा जास्त धोक्याची आहे. व्यवसाय कागदावर तुमच्या नावाचा, वीजमीटर तुमच्या नावाचं, बँकखातं तुमचं, फक्त एटीएम कार्ड आणि बुकिंगचा मोबाइल त्यांच्याकडे. मग पाहुणा पाण्यात बुडाला, जेवणातून विषबाधा झाली किंवा कराची नोटीस आली, तर पोलीस आणि साहेब तुमच्या दारात येतात.

जमिनीचंही नीट बघा. फुगवट्याकडेची पट्टी खरोखर तुमची आहे का, की धरणासाठी संपादित झालेली आहे? पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन बहुतेक ठिकाणी जलसंपदा विभागाची असते. तिथे तंबू लावायला तुम्ही हो म्हणालात तरी त्याला किंमत नाही. सातबारा आणि मोजणीचा नकाशा दोन्ही काढा. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचल्याशिवाय पुढे बोलू नका.

राहिला प्रश्न खाचराचा. भातखाचरात वरच्या वीतभर मातीखाली चिखलणीने घट्ट झालेला थर असतो, तोच पाणी धरतो. तंबूवाले जमीन सपाट करायला बांध फोडतात, वर मुरूम पसरून रोलर फिरवतात आणि खांबांसाठी दोन-अडीच फूट खड्डे घेतात. करार संपल्यावर मुरूम उचलता येतो, पण भोकं पडलेला थर पाणी धरत नाही आणि तो परत बसायला वर्षानुवर्षं चिखलणी करावी लागते. कायदेशीर परवानगी मिळवून जमीन द्यायचीच असेल तर वरकस द्या, खाचर नको. करारात चार गोष्टी लिहून घ्या: सिमेंटचा कोबा नाही, बांध फोडायचा नाही, कूपनलिका घ्यायची नाही, आणि जमीन पूर्ववत करायची अनामत रक्कम आगाऊ. चौथ्या अटीवर पार्टी निघून गेली तर गेलेलीच बरी.

घराला जोडून पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या. सेप्टिक टँक जुनाच, पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन फूट खोल. शनिवारी २५ पाहुणे असतात. जुलैत शोषखड्डा भरून वर येतो, वास सुटतो. टँक रिकामा करूनही फरक नाही.
(एक वाचक, शेंडी परिसर)

फरक पडणारच नाही, कारण तुमच्याकडे एकाच वेळी दोन वेगळे बिघाड आहेत.

पहिला टँकचा. तुम्ही दिलेल्या मापात जेमतेम १,०६० लिटर मावतात. पाच माणसांच्या घराला हे माप पुरतं. २५ पाहुण्यांनी माणशी १०० लिटर पाणी वापरलं तर दिवसाला २,५०० लिटर आत येतात, म्हणजे मैला टँकमध्ये जेमतेम दहा तास थांबतो. गाळ खाली बसायला साधारण २४ तास हवेत. ते न मिळाल्याने नवं पाणी बसलेला गाळ ढवळून शोषखड्ड्यात ढकलतं आणि खड्ड्याच्या भिंती बुजतात. आठवड्याची सरासरी काढून ‘आमच्याकडे रोज सातच माणसं’ असं म्हणून उपयोग नाही, टँक शनिवारच्या हिशोबानेच बांधावा लागतो.

दुसरा बिघाड जमिनीचा. आपल्याकडे दोन-तीन फूट मातीमुरुमाखाली काळा पाषाण. शोषखड्डा कोरड्या दिवसांत पाणी पितो, जुलैत मात्र भूजल जमिनीला टेकलेलं असतं. भरलेल्या जमिनीत आणखी पाणी मुरणार कुठे? मैदानी गावातल्या गवंड्याने सांगितलेला ‘आठ फूट खोल खड्डा घ्या’ हा उपाय इथे उलटा पडतो, कारण खोल गेलात की खडकाच्या भेगांतून तेच पाणी खालच्या वस्तीच्या विहिरीत उतरतं.

आता उपाय. २० माणसांच्या टँकचं भारतीय मानकातलं माप लांबी २.३ मीटर, रुंदी १.१ मीटर असं आहे. दरवर्षी उपसणार असाल तर पाण्याची खोली १.३ मीटर, दोन वर्षांनी उपसणार असाल तर १.८ मीटर. वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. आत आडवी भिंत घालून दोन कप्पे करा, पहिला दोन-तृतीयांश लांबीचा. पाणी आत येतं आणि बाहेर जातं त्या दोन्ही तोंडांना टी-पाइप बसवा, नाहीतर वरची साय थेट बाहेर जाते. घरची पाच माणसं धरली तर पाहुणे १५. पंचवीसच घ्यायचे असतील तर टँक त्या प्रमाणात मोठा करावा लागेल, पण त्याआधी पाण्याबद्दलचं पुढचं उत्तर वाचा.

शोषखड्ड्याऐवजी टँकच्या पुढे उताराच्या बाजूला खडीचा वाफा करा. माणशी दीड ते दोन चौरस मीटर, म्हणजे २० जणांना ३० ते ४०. खोली ६० सेंटिमीटर, तळाला जाड प्लास्टिक किंवा पक्का कोबा, त्यावर सुपारीएवढी खडी, आणि त्यात कर्दळ लावा. पाणी खडीच्या वर दिसता कामा नये, चार बोटं खालून वाहायला हवं, म्हणजे डास होत नाहीत. वाफ्याभोवती वीतभर उंच बांध हवाच, नाहीतर डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी सगळं धुऊन नेईल. बाहेर पडणारं पाणी केळीला, नारळाला सोडा, भाजीपाल्याला नको.

स्वयंपाकघराचं पाणी टँकमध्ये सोडू नका. तेलाचा थर आधी चरबी अडवणाऱ्या छोट्या कुंडीत अडला पाहिजे, आणि ती कुंडी दर आठवड्याला हाताने काढावी लागते. संडासात ॲसिड आणि फिनाइल ओतायची सवय मोडा, मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. पाहुण्यांना ओल्या पुसण्या आणि सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाचा डबा ठेवलात तर तुंबण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

विहीर टँक आणि वाफ्यापासून किमान १८ मीटर लांब आणि वरच्या अंगाला हवी. भेगाळ खडकात १८ मीटरही कमीच, जमेल तितकं लांब जा. पावसाळ्यात जलसुरक्षकाकडून दर पंधरवड्याला पाणी तपासून घ्या. पिण्याच्या टाकीत हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर विरघळवून वरचं नितळ पाणी घाला आणि अर्ध्या तासाने वापरा. गेल्या वर्षीची उघडी पिशवी वापरू नका, त्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो.

पावसाळ्यात दारात धबधबे आणि एप्रिलात हंडाभर पाण्याला मैल. पाहुण्यांना शॉवर हवा. कूपनलिका घ्यावी का?
(एक वाचिका, रतनवाडी परिसर)

घाई करू नका. धरण डोळ्यासमोर असलं तरी ते बांधलं गेलं खालच्या प्रवरा खोऱ्यातल्या कालव्यांसाठी. तुमच्या गावाखाली पाषाणाचे थर आहेत, पाणी फक्त भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. कूपनलिका लागली तर ती बहुधा त्याच सांध्याचं पाणी ओढते, ज्यातून खालच्या वाडीचा झरा वाहतो. पहिल्या वर्षी तुमचा शॉवर चालतो, आणि दोन-चार उन्हाळ्यांत झरा आटून भांडण सुरू होतं.

त्यापेक्षा पागोळ्यांचं पाणी धरा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. त्यातलं ८० टक्के हाती लागतं. पाऊस हात आखडून २,००० मिलिमीटर धरला तरी २० चौरस मीटर पत्र्यावरून ३२,००० लिटर मिळतात. म्हणजे छप्पर मुबलक आहे, अडतं ते साठवायच्या जागेवर.

टाकी किती मोठी हवी ते असं काढा. १५ पाहुणे, महिन्याला आठ रात्री. शॉवर असेल तर माणशी १०० लिटर, म्हणजे महिन्याला १२,००० आणि फेब्रुवारी ते मे ४८,००० लिटर. बादली-तांब्या ठेवलात तर माणशी ६० लिटरमध्ये भागतं, चार महिन्यांचे २८,८००. त्याला चार मीटर लांब, चार मीटर रुंद, दोन मीटर खोल टाकी पुरते. झाकण पक्कं हवं, पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायला वेगळा नळ हवा, आणि पाइपच्या तोंडाला जाळी. टाकी भरेल तेवढेच पाहुणे, हा नियम स्वतःला लावून घ्या. टँकर मागवून भागवलेला शनिवार नफ्यातून वजा करून बघा, मग २५ पाहुण्यांचा मोह आपोआप कमी होतो.

जुलैत आवणीला (भातलावणीला) माणूस मिळत नाही. पोरं गाड्या लावायला आणि भजी तळायला जातात. काय करावं?
(एक शेतकरी, घाटघर परिसर)

दर शनिवार-रविवारी रोख पैसे मिळतात, भात मात्र नोव्हेंबरात हाती येतं. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आवणी लांबली की नुकसान मोठं. रोपं २१ ते २५ दिवसांची असताना लावली तर फुटवा चांगला होतो, चाळीस दिवसांची झाल्यावर लावली की फुटवे कमी आणि दाणाही कमी.

दोन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. राब (रोपांचा वाफा) एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन तुकड्यांत टाका, म्हणजे सगळी रोपं एकाच आठवड्यात तयार होत नाहीत. दुसरं, वाडीने मिळून सोमवार ते गुरुवार इर्जिकीने (आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबून) आवणी करायची आणि शुक्रवारपासून पाहुणे घ्यायचे असं ठरवा. पाहुण्यांना चिखलात उतरवून ‘आवणीचा अनुभव’ विकणं दिसायला छान, पण त्यांनी लावलेली ओळ दुसऱ्या दिवशी परत लावावी लागते. त्यासाठी एक कोपरा वेगळा ठेवा आणि मजुरी धरूनच पैसे घ्या.

जाता जाता: डांगी जनावरं विकून टाकायचा विचार पत्रात आहे. तेलकट कातडीमुळे डांगी बैल मुसळधार पावसात चिखलणीला उभा राहतो. लहान, चढउताराच्या खाचरांत ट्रॅक्टर जात नाही, पॉवर टिलरही प्रत्येक बांधावरून उचलून न्यावा लागतो. बैल गेले की खाचर पडीक, आणि पडीक खाचराला तंबूवाला गिऱ्हाईक तयारच असतो. शेणखत आणि राबाचं शेण हिशोबात धरलंत तर जोडी तोट्यात नाही.

आम्ही सहा मित्र काजवे बघायला येणार आहोत. गर्दीने काजवे कमी होतात म्हणतात, ते खरं का? कधी आणि कसं यावं?
(एक वाचक, पुणे)

गर्दीतल्या तीन गोष्टी काजव्यांना बाधतात: उजेड, चाकं आणि पाय. नर लुकलुकून मादीला खूण करतो, मादी खालून उत्तर देते. हेडलाइट पडला की हा संवाद तुटतो, आणि प्रौढ काजव्याकडे त्यासाठी दोन-तीन आठवडेच असतात. बऱ्याच जातींत मादीला नीट उडता येत नाही, ती गवतात बसलेली असते आणि तीच तुडवली जाते. अळ्या वर्षाचा बराच काळ ओलसर पाचोळ्याखाली गोगलगाई आणि गांडुळं खाऊन वाढतात. म्हणजे झाडाखाली गाडी लावली की पुढच्या वर्षीचे काजवे चिरडले जातात.

यायचं तर मेअखेर ते जोरदार पाऊस लागेपर्यंत, सोमवार ते गुरुवार, अमावस्येच्या मागेपुढे. गावात उजेडी पोचा, गाडी गावातच ठेवा आणि स्थानिक वाटाड्याबरोबर चालत जा. साडेसात ते दहा ही वेळ पुरेशी आहे. अभयारण्यात रात्रीच्या प्रवेशाला वनविभागाच्या वेळा असतात, त्या नाक्यावर विचारून घ्या. टॉर्चला लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळा आणि उजेड पायाखालीच ठेवा. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या फांद्या हलवू नका, बाटलीत काजवे भरून मुलांना दाखवू नका. फ्लॅशने काजव्याचा फोटो येतच नाही, नुसतं झाड उजळून निघतं. तिपाईवर १५ ते ३० सेकंदांचं एक्सपोजर द्या, किंवा फोन खिशात ठेवून नुसतं बघा.

गावकऱ्यांसाठी एक सूचना: ओसरीवरचा पांढरा फोकस काढून पिवळा, खाली तोंड केलेला, झाकणीचा दिवा लावा आणि या तीन-चार आठवड्यांत आठनंतर तोही बंद ठेवा. काजव्यांसाठी पाहुणे बोलवायचे आणि अंगणात हॅलोजन लावायचा, हे अनेक ठिकाणी सर्रास दिसतं.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला व्हिला प्रकल्पासाठी पोकलेनने रस्ता कापताहेत. कापलेली माती उतारावरच ढकलली आहे. आम्हाला धोका आहे का?
(वाडीतले रहिवासी, अकोले तालुका)

असू शकतो, आणि पावसाळ्याआधी हालचाल हवी. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम आणि डोंगर कापणं याला मनाई असते. उतार स्वतः मोजा. पाच मीटर दोरीचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीला टेकवा, दुसरं टोक पाण्याच्या पारदर्शक नळीने समपातळीत आणा. त्या टोकाखाली जमिनीपर्यंत एक मीटर किंवा जास्त अंतर भरलं तर उतार मनाईतला. चार-पाच जागी मोजून फोटो घ्या.

धोका कापलेल्या भिंतीपेक्षा खाली ढकललेल्या मातीत जास्त असतो. ती दाबलेली नसते, पहिल्या मोठ्या पावसात पाणी पिऊन जड होते आणि खालच्या उतरत्या खडकावरून घसरते. रस्त्याने मूळ ओहळ अडवले असतील तर सगळं पाणी एकाच जागी येऊन वाडीवर उतरतं. जमिनीत चंद्रकोरीसारख्या नव्या भेगा, एकाच दिशेला कललेली झाडं किंवा खांब, चिकटून बसणारी दारं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा अचानक बंद पडणं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी घर सोडा. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी दरड आली, १५१ माणसं गेली. इर्शाळवाडीवर २०२३ च्या जुलैत रात्री आली.

तक्रार ‘डोंगर कापतात’ अशी मोघम करू नका. तीन स्वतंत्र अर्ज द्या. तहसीलदारांकडे गौण खनिजाच्या विनापरवाना उत्खननाचा, कारण कलम ४८(७) खाली कापलेल्या मुरुमावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो आणि पंचनामा लवकर होतो. जिल्हाधिकाऱ्यांकडे बांधकाम परवानगी आणि उताराचा. तहसीलच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे वाडीतली घरं आणि माणसं यांच्या यादीसह. प्रत्येकावर पोच घ्या, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. निर्णय होईपर्यंत ओहळ मोकळे करून घेण्याचा आग्रह धरा, ते काम एका दिवसाचं आहे.

महिलांसाठी पर्यटन कर्जाची योजना आहे असं ऐकलं. बचत गटातल्या आम्हा तिघींना घरगुती जेवण आणि मुक्काम सुरू करायचा आहे.
(एक वाचिका, राजूर)

राज्याचं ‘आई’ पर्यटन धोरण २०२३ सालचं आहे. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी बँकेने मंजूर केलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, परत मिळतं. हप्ता आधी तुम्ही भरायचा, वेळेवर, व्याज नंतर खात्यात येतं. अर्ज पर्यटन संचालनालयाकडे करायचा.

पैसा आधी पाण्याची टाकी आणि संडासात घाला, खोल्या नंतर. जेवणात पनीर-तंदूरच्या मागे लागू नका, ते रस्त्यावरच्या ढाब्यावर तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतं. काळभात, नाचणीची भाकरी, वालाची आमटी, हुलग्याचं पिठलं, पावसाळ्यात रानभाज्या. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली आहे, त्यामुळे वाण शोधायला लांब जायला नको. दर ठरवताना तांदूळ-डाळ घरची म्हणून शून्य धरू नका, बाजारात विकली असती तर जो भाव आला असता तो धरा. आणि बुकिंगची निम्मी रक्कम आगाऊ घ्या, कारण पाऊस थांबला की शनिवारी येणारे पाहुणे आदल्या रात्री बेत रद्द करतात.